बाळाला भरवायला हाय चेअर, बूस्टर की सरळ मांडीच? सल्ला हवाय

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. आमची चिंगी महिनाअखेर सहा महिन्यांची होईल, उष्टावणाची तारीख ठरलीय, मामा चांदीची वाटी घेऊन येणारे, ते सगळं ठीक. पण त्यानंतर रोज हिला बसवायचं कुठे यावरून घरात तीन पक्ष झालेत. नवऱ्याने ऑनलाइन एक खुर्ची हेरून ठेवलीय, तिला चाकं आहेत, पाठ मागे झोपते, उंची कमीजास्त होते, ट्रेवर खेळणी आहेत आणि पुढे जाऊन तिचंच म्हणे स्टडी टेबल होतं. सासूबाई म्हणतात आम्ही सगळी पोरं मांडीवर घेऊन वाढवली, एवढ्याशा जिवाला खुर्ची कशाला. आणि ताईने तिच्या लेकाचा वॉकर देऊ केलाय, त्याला ट्रे असतोच की, उगाच पैसे घालवू नकोस म्हणते.

घर डोंबिवलीत, वन बीएचके. डायनिंग टेबल नाही. आम्ही दोघं सोफ्यावर बसून टीपॉय पुढे ओढतो, सासूसासरे खाली पाटावर बसतात. बजेट तीन ते चार हजार. धुवायला सोपी हवी कारण धुणार मीच. कुणी काय घेतलं, काय पस्तावलात, सगळं सांगा.

गवती_चहा
वॉकर नको म्हणजे नकोच. भरवायला नको आणि चालायला शिकवायलाही नको. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, आपल्याकडे मात्र बारशाला भेट म्हणून येतो. बाळ त्यात चवड्यांवर लोंबकळतं, एका जागी थांबत नाही, तुम्ही वाटी घेऊन मागे मागे. आणि मिनिटभरात गरम चहाच्या कपापर्यंत पोचतं. ताईला गोड बोलून परत द्या.

बाकी खुर्चीचं जाणकार सांगतीलच.

पाखरू
चाकंवाली, झोपणारी, बदलणारी अशीच आम्ही घेतली होती म्हणून लिहिते. दुकानात बघताना भारी वाटली. घरी आल्यावर लक्षात आलं की ती उघडी असली की हॉलमधून माणूस आडवा होऊन जातो. घडी होते असं लिहिलेलं, होते पण घडी केल्यावरही ती दाराएवढी उंच राहते आणि कुठे ठेवायची हा प्रश्न. मग ती कायम उघडीच आणि तिच्यावर वाळलेले कपडे.

आणि त्या गादीला शिवण असते ना, त्या शिवणीत नाचणी सत्व गेलं की संपलं. वाळल्यावर सिमेंट होतं अगदी. टूथब्रश घेऊन बसायचे मी रात्री. आम्ही तळमजल्याला, त्यात मुंग्या. पाठ मागे करायचं बटण एकदाही वापरलं नाही. खेळण्यांचा ट्रे पहिल्या आठवड्यात काढला कारण खेळणं समोर असलं की घास कोण बघतो.

तुमच्या वन बीएचकेत चाकंवाली घेऊ नका एवढंच.

हळदीचा_डाग
पाखरू, हसून हसून लोटपोट :हहगलो: सिमेंट बरोब्बर.

धुण्याबद्दल माझे दोन पैसे. ज्या खुर्चीला कापडी किंवा फोमची गादी आहे ती सोडून द्या. सलग एकाच प्लास्टिकची सीट असली की बाथरूममध्ये नेऊन शॉवर मारायचा, काम तमाम. ट्रे विकत घ्यायच्या आधी बघा तो तुमच्या सिंकमध्ये मावतो का, हे कुणी बघत नाही. मोठा ट्रे छान दिसतो पण मावला नाही की मग पुसण्यावर भागवायचं आणि कडेच्या खोबणीत वरणभात राहतो.

वरण-भात खाणारी पोरं आहेत आपली, त्यामुळे पट्टे आणि ट्रे पिवळे होणारच. घासत बसू नका. साबणाने धुवून ओलं असतानाच कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पांढरी खुर्ची घ्यायला म्हणून घाबरू नका, उलट पांढऱ्यावर घाण दिसते तरी. पट्टे काढता येतात का ते मात्र नक्की बघा. काही खुर्च्यांचे पट्टे आतून रिव्हेट केलेले असतात, ते आयुष्यभर तसेच.

आजी_ऑनलाइन
सगळ्यांच्या सासूबाईंच्या वतीने मी लिहिते :स्मित: मांडीवर बसवून भरवण्यात वाईट काय आहे ते कुणी सांगेल का? बाळाला उब मिळते, घास कोमट आहे की गार ते आपल्या बोटाला कळतं, चिऊकाऊचे घास होतात. माझी दोन्ही नातवंडं मांडीवरच जेवली. एक पुण्यात आहे, एक दुबईत. दोघंही आता काट्याचमच्याने जेवतात, काही बिघडलं नाही.

निळी_बाटली
आजी, वाईट काहीच नाही, पण मी फिजिओ आहे आणि लहान मुलांबरोबरच काम करते म्हणून जरा लांबण लावते.

मांडीवर दोन तऱ्हा असतात. एक, बाळ आपल्या पोटाला पाठ लावून ताठ बसलंय, तोंड समोर. ही उत्तम. दुसरी, बाळ कोपराच्या खोबणीत अर्धवट आडवं आणि आपण वरून वाटी किंवा बोंडलं तोंडाला लावतो. ही नको. आडव्या बाळाच्या तोंडात पातळ पदार्थ त्याने गिळायच्या आधीच घशाकडे वाहत जातो, त्याला थांबवता येत नाही. खुर्चीचंही तेच. पाठ मागे झोपणारी खुर्ची लोक सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी घेतात, आणि ज्या बाळाला जेवताना आडवं करावं लागतं ते बाळ अजून खायलाच तयार नाही. त्यामुळे ते फीचर जेवणासाठी बिनकामाचं.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले बालरोगतज्ञही तेच सांगतात. पण त्याच दिवशी बाळ खुर्चीत बसेल असं नाही. मान पक्की धरलीय का, कमरेला थोडा आधार दिला की ताठ बसते का, चमचा जवळ आला की तोंड उघडते का, जिभेने सगळं बाहेर लोटत तर नाही ना, हे बघा. बसत नसेल तर पहिले काही दिवस मांडीच, आजी म्हणतात तशी.

आता खुर्ची घेताना. पाय! कुणी पायांकडे बघत नाही. तुम्ही ओट्यावर चढून पाय लोंबकळत ठेवून ताट हातात घेऊन जेवून बघा, दहा मिनिटांत कंबर चुळबुळ करायला लागेल. बाळाचंही तेच होतं आणि आपण म्हणतो हिचं जेवणात लक्ष नाही. कंबर, गुडघा आणि घोटा, तिन्हीकडे साधारण काटकोन हवा आणि तळवे कशावर तरी टेकलेले हवेत. पाय टेकले की कंबर स्थिर होते, कंबर स्थिर झाली की मान आणि जबडा मोकळा होतो, मग चावणं नीट होतं. म्हणून पायाची पट्टी असलेली आणि ती पट्टी वरखाली करता येणारी खुर्ची मिळाली तर बाकी सगळं माफ.

ट्रे बाळाच्या कोपराच्या उंचीला यावा. बऱ्याच खुर्च्यांत तो काखेपर्यंत येतो आणि बाळ हात वर करून पोहल्यासारखं खातं. सीट खोल वाटली तर खाली नाही, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना नॅपकिनची सुरळी घालायची.

चिंगीची_आई
निळी_बाटली, खूप खूप धन्यवाद, हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. पट्ट्याचं काय? तीन पॉइंट, पाच पॉइंट असं लिहिलेलं असतं.

निळी_बाटली
पाच पॉइंट म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे आणि एक मांड्यांच्या मधून. तीन पॉइंटमध्ये खांद्याचे नसतात. उभं राहायला बघणाऱ्या बाळाला पाच बरे. पण सगळ्यात महत्त्वाचा तो मधला, मांड्यांमधला. कारण बाळ नुसतं वरून पडत नाही, खालून सरकतं. ढुंगण पुढे जातं, अंग ट्रेखालून खाली जातं आणि हनुवटी ट्रेला किंवा पट्ट्याला अडकते. गळा आवळला जाऊ शकतो. म्हणून ट्रे म्हणजे पट्टा नव्हे. ट्रे लावलाय मग पट्टा कशाला असं घरातलं प्रत्येक जण म्हणतं, ऐकू नका.

जर्सीवाली
मी अमेरिकेतल्या एडिसनहून. इथे डॉक्टर पहिल्याच भेटींत विचारतात जेवायला कुठे बसवता. माझ्याकडे ती नॉर्वेची लाकडी खुर्ची आहे, स्टोके कंपनीची ट्रिप ट्रॅप, पीटर ऑप्सविक नावाच्या डिझायनरने १९७२ मध्ये केलेली. त्याचा मुलगा हाय चेअरमध्ये मावेनासा झाला आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसला की पाय लोंबायला लागले, टेबलापर्यंत पोचेना, त्यावरून सुचली म्हणतात. बसायची फळी आणि पायाची फळी दोन्ही वरखाली होतात, बाळ सरळ टेबलाशी आपल्या बरोबरीने. पण किंमत अडीचशे डॉलरच्या वर, वर लहान बाळासाठीचा सेट वेगळा विकत घ्यायचा. आम्हाला जुनी मिळाली म्हणून घेतली, नवी घेतली नसती. आणि टेबल नसेल तर तिचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे चिंगीच्या आईने तिकडे बघूच नये.

जुनी घेणाऱ्यांसाठी एक. मॉडेलचं नाव टाकून रिकॉल झालंय का, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने परत मागवलंय का, ते आधी बघायचं. ती जमिनीवर ठेवायची फोमची सीट असते ना, बाळाच्या मांड्या आत रुततात अशी, बंबो, दक्षिण आफ्रिकेची. २०१२ मध्ये इथे तिचे सुमारे ४० लाख नग रिकॉल झाले. बाळं पाठ ताणून त्यातून बाहेर यायची, आणि आईवडिलांनी सीट ओट्यावर नाहीतर टेबलावर ठेवलेली असायची, कवटीला फ्रॅक्चर झालेत. मग कंपनीने पट्टा फुकट दिला. इथल्या गराज सेलमध्ये बिनपट्ट्याच्या अजून दिसतात.

बंडूकाका_नागपूर
मी सांगू का, एवढं ऑनलाइन धुंडाळण्यापेक्षा सुताराकडून करून घ्या ना. माझ्या नातीसाठी सागवानाची केली, पायाला फळी पण आहे. घरी आलेला प्रत्येक जण विचारते कुठून आणली.

निळी_बाटली
काका, कल्पना चांगली आहे, फक्त सुताराला आधी सांगायला लागतं की खालचे पाय सीटपेक्षा बरेच पसरट हवेत. शोभेसाठी सरळ पायांची उंच खुर्ची केली तर ती उलटते. बाळ टेबलाला नाहीतर भिंतीला पाय लावून जोरात रेटतं आणि खुर्ची मागे जाते, हाय चेअरचे अपघात असेही होतात. मधला पट्टा पक्का बसवायला जागा ठेवायला सांगा. आणि पॉलिश काय मारतोय ते विचारा, बाळ कड चावणारच.

बंडूकाका_नागपूर
पाय पसरटच आहेत हो ताई, मी स्वतः चारही बाजूंनी हलवून बघितली. पट्टा नव्हता, सून पण तेच म्हणाली, आता लावून घेतो. पॉलिश केलंच नाही, नुसतं घासून गुळगुळीत केलंय आणि खोबरेल तेल.

पाखरू
काकांच्या सुताराचा नंबर विपुत (विचारपुशीत) द्या :फिदी:

उनाड_पाटील
बाबा लोकांच्या वतीने लिहितो कारण आमच्याकडे भरवायचं खातं माझ्याकडे आहे. बायकोची शिफ्ट सकाळी.

आम्ही आयकियाची ती साधी पांढरी घेतली, अँटिलोप. तुर्भ्याला स्टोअर आहे, डोंबिवलीहून लांब नाही. खाटाखट बटण दाबून चारही पाय निघतात, गाडीच्या डिकीत टाकून गावाला नेतो. गादी नाही, शिवण नाही, काही नाही, सरळ बाथरूममध्ये न्यायची. हॉटेलात सगळीकडे हीच असते त्याला कारण आहे. तुमच्या बजेटच्या आत बसते. ट्रे वेगळा घ्यावा लागतो, बिल करताना बघा नाहीतर लोक ट्रे विसरून येतात आणि परत चक्कर.

दोष दोन. पाय इतके पसरलेले की रात्री अंधारात करंगळी आपटते, शप्पथ. दुसरा, निळी_बाटली म्हणतायत तो, पाय टेकायला काही नाही. मी पुढच्या दोन पायांना आडवा जाड रबरी बँड ताणून बांधलाय, व्यायामाचा असतो तो. पोरगं त्यावर पाय ठेवतं, कंटाळा आला की झोके देतं. ऑनलाइन लाकडी फळीपण मिळते त्यावर अडकवायची, ती जास्त पक्की. घट्ट बसते का ते मात्र रोज बघायचं, फळी निसटून खाली आली की फायदा काहीच नाही.

चटकन स्वच्छ होते म्हणून मी एवढा प्रेमात आहे, बाकी कंपनीशी माझं काही नातं नाही.

गवती_चहा
+१ अँटिलोप. फक्त तिचा पट्टा कमरेचा आहे, खांद्याचा नाही. उभं राहणारं पोर असेल तर नजर हवी. नजर हवीच म्हणा कुठलीही घेतली तरी.

फोंड्याची_माई
आमच्याकडे गोव्यात जेवण टेबलावरच, म्हणून आम्ही बूस्टर घेतला. मोठ्या खुर्चीवर ठेवायचा, दोन पट्टे खुर्चीला, एक पाठीला आणि एक खाली सीटला, आणि मग बाळाला त्याचा पट्टा वेगळा. जागा शून्य, खुर्ची घरातलीच. नाचण्याचं तिजाण, पेज, उकड्या तांदळाचा मऊ भात सगळं त्यात बसूनच. आजोळी नेताना हातात पिशवीसारखा नेता येतो.

पण एक लिहिते. कमरेएवढी रुंद, जड, चार पायांची लाकडी खुर्ची असेल तरच. प्लास्टिकच्या मोल्डेड खुर्चीवर बांधू नका. ती स्वतः हलकी, मागून वाकते, पाय फाकतात, आणि पट्टा मागे ओवायला नीट जागा नसते. शेजारच्या घरी तशी बाळासकट कलंडताना बघितलीय, नशिबाने मागे सोफा होता. गोल फिरणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवर बांधलेलाही बघितलाय, त्याला काय बोलायचं.

आणि टेबलाच्या कडेला अडकवायची जी खुर्ची येते, तिच्या मोहात काचेचं टेबल असणाऱ्यांनी पडू नये. मध्ये एकच खांब असलेल्या टेबलालाही नाही. टेबलक्लॉथ असेल तर काढून मग अडकवायची, नाहीतर घसरते.

ओढणी_एक्सप्रेस
बाहेर हॉटेलात काय करता? आमच्या इथल्या हॉटेलांत हाय चेअर असते पण पट्टा तुटलेला. मी ओढणीने पोटाशी बांधते, मस्त चालतं.

निळी_बाटली
ओढणी पोटाशी बांधली की तोच प्रश्न, मांड्यांच्या मध्ये काही नाही, बाळ खालून सरकतं आणि ओढणी वर छातीकडे, गळ्याकडे येते. कापडी प्रवासी सीट मिळते, ती खुर्चीच्या पाठीवर टोपीसारखी चढते आणि मांड्यांमधून कापड वर येतं, ती पर्समध्ये मावते. ती नसेल तर हॉटेलात मांडीवर घ्या, एक जण जेवेल एक जण धरेल.

ओढणी_एक्सप्रेस
ओके. बघते ती कापडी. नावाला जागून ओढणी आता फक्त तोंड पुसायला.

मुगाची_पेज
विषय निघालाच आहे तर, खुर्चीत बसवून भरवायचं की हातात देऊन खाऊ द्यायचं? आमच्याकडे बीएलडब्ल्यू (बेबी-लेड वीनिंग, म्हणजे बाळाने स्वतःच्या हाताने खायचं) केलं, उकडलेल्या गाजराचे लांब तुकडे, इडलीची फोड, भाकरीचा मऊ भाग. सासूबाई प्रत्येक घासाला किंचाळायच्या की घशात अडकलं.

आजी_ऑनलाइन
किंचाळणारच ना! बाळ लाल होतं, डोळ्यात पाणी येतं. बघवतं का?

निळी_बाटली
आजी, लाल होतंय, खोकतंय, ओकारी काढतंय, आवाज येतोय म्हणजे बाळ स्वतःच पुढे ढकलून काढतंय. लहान बाळांचा उलटीचा प्रतिक्षेप जिभेवर बराच पुढे असतो, त्यामुळे हे वारंवार होतं. तेव्हा तोंडात बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो. घाबरायचं ते शांततेला. आवाज नाही, खोकला नाही, ओठ निळे, तर लगेच. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पालथं आपल्या हातावर, डोकं खाली, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा, मग सरळ करून छातीच्या मधोमध पाच दाब, निघेपर्यंत आळीपाळीने आणि कुणीतरी १०८ ला फोन. हे वाचून येत नाही, कुठेतरी एकदा बाहुलीवर करून बघा घरातल्या सगळ्यांनी, आजींनीसुद्धा.

आणि खुर्चीशी याचा संबंध हाच की पट्टा चटकन एका हाताने सुटला पाहिजे. दुकानात मिटून उघडून बघा. बाळाला उघडता येऊ नये, तुम्हाला उघडता यावा.

शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, हे खुर्ची कितीही चांगली असली तरी नाही. मध वर्षाच्या आत नाही. चाटण म्हणून पण नाही.

मुगाची_पेज
चमच्याने भरवलं की हातात दिलं याची भांडणं इंटरनेटवरच जास्त. आम्ही सकाळी हातात, रात्री खिमट चमच्याने. रात्री कुणाला ताकद असते जमीन पुसायची.

उनाड_पाटील
जमिनीवरून आठवलं. खुर्चीखाली जुनी चादर किंवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ अंथरा. पेपर नको, ओला होऊन फरशीला चिकटतो आणि पोरगं तो तुकडा उचलून खातं.

रिमोट_कुठाय
आमची पावणेदोन वर्षांची आहे. खुर्ची आहे, पट्टा आहे, पाय टेकतात, सगळं आहे, पण समोर मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. खुर्चीत बसवलं की बोटाने टीव्हीकडे दाखवते. काय करू?

गवती_चहा
खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवा. खरंच. आमच्याकडे तेवढ्यानेच अर्धा फरक पडला. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ञांच्या भारतीय संघटनेनेही सांगितलंय. सुरुवातीचे तीन-चार दिवस दोन घास खाऊन उठेल, उठू द्या. दोन-अडीच तासांनी पुन्हा बसवा. मध्ये बिस्किट, दूध नाही. भूक लागली की खाईल.

आजी_ऑनलाइन
दोन घासावर पोर उठू द्यायची म्हणे. आमच्या काळी काऊ दाखवायला खिडकीत न्यायचो, तीच आमची स्क्रीन :स्मित:

जर्सीवाली
आजी तुमच्या काऊला चार्जर लागत नव्हता. पण गवती_चहाशी सहमत. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून द्यायचं हे आपण ठरवायचं, किती खायचं ते पोराने. आणि पंधरा-वीस मिनिटांत उठवायचं. खुर्चीत पाऊण तास अडकवून ठेवलं की पोराला खुर्ची बघितली तरी रडू येतं, मग आपण म्हणतो खुर्ची आवडत नाही.

आणि प्लीज घरच्यांसोबत बसवा. आम्ही सुरुवातीला आधी तिला भरवायचो, मग आपण शांतपणे जेवायचो. तिला कळायचंच नाही हे काय चाललंय. आपण घास तोंडात घालताना बघितलं की तीही घालते.

चिंगीची_आई
सगळं वाचून काढलं, नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. जर्सीवालीचं घरच्यांसोबत बसवा हे पटलं, पण मग आमची पंचाईत अशी की आम्ही जेवतो ते सगळे वेगवेगळ्या उंचीवर! उंच खुर्चीत बसवलं तर चिंगी वरून आजीआजोबांच्या डोक्याकडे बघत जेवेल. जमिनीवरची काही मिळते का?

पाखरू
मिळते की. बूस्टरच जमिनीवर ठेवतात. बऱ्याच बूस्टरना स्वतःचे आखूड पाय असतात, ट्रे असतो, पट्टा असतो. आणि काही हाय चेअर अशा येतात की लांब पाय काढून आखूड ठेवले की बुटकी खुर्ची होते. तुमच्या घराला मला वाटतं तेच बरं. सासूबाईंच्या पाटासमोर.

निळी_बाटली
हो, जमिनीवर असेल तर पाय टेकतातही आणि पडायची उंचीही नाही. फक्त पट्टा तरीही लावा, आणि भिंतीपासून दूर ठेवा म्हणजे रेटणार नाही. फोमच्या रुतणाऱ्या सीटमध्ये जेवू घालू नका, त्यात कंबर मागे गोल होते आणि मांड्या अडकून राहतात. कडक पाठीची, सपाट बुडाची बघा. आणि बसायचा सराव म्हणून दिवसभर त्यात ठेवू नका, जेवण झालं की बाहेर. बसायला बाळ जमिनीवर लोळूनच शिकतं.

चिंगीची_आई
ठरलं मग. ट्रेवाला बूस्टर, आखूड पायांचा, पाच पॉइंटचा, गादी नसलेला. बजेटच्या निम्म्यातच दिसतोय. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर नवऱ्याने लगेच प्रस्ताव मांडलाय, तो फेटाळलाय. सासूबाईंना सांगितलं की खुर्ची तुमच्या पाटासमोर येणार आणि घास तुम्हीच भरवायचा, तर म्हणाल्या मग आण, लाल रंगाची आण. वॉकर ताईला परत करणार होते तर ती म्हणते टाकून दे, मला नको. तो आता गॅलरीत आहे, त्यात कुंडी ठेवलीय.

कोल्हापुरी_चप्पल
उशिरा आलो धाग्यावर. पोरगा सव्वादोन वर्षाचा. पट्ट्यात बसतच नाही आता, अंग ताठ करतोय. सोडला की ताटातला घास तोंडात घेऊन घरभर पळतोय, आईसाहेब मागनं वाटी घेऊन. मोठ्या खुर्चीवर बसवायचा का आता?

निळी_बाटली
सव्वादोनला बरीच मुलं पट्टा सोडतात, हरकत नाही. दोन मार्ग. टेबलावर जेवत असाल तर पाय टेकतील अशी सोय करून मोठी खुर्ची, पायाखाली घट्ट स्टूल. खाली जेवत असाल तर त्याला लहान पाट आणि पुढे चौरंग, त्याचं स्वतःचं ताट. नियम एकच ठेवा, घास बसूनच. उठला तर ताट जागेवर राहतं, वाटी मागे जात नाही. पळताना तोंडात घास ही ठसका लागायची सगळ्यात सोपी वाट आहे. आईसाहेबांना हे पटवणं तुमच्याकडे.

कोल्हापुरी_चप्पल
पोरगं ऐकंल ओ, आईसाहेब अवघड हाय. चौरंग आहे घरात, सत्यनारायणाचा. तो चालंल का?

निळी_बाटली
उंची बघा. बसल्यावर त्याच्या कोपराला आला तर चालेल.

बंडूकाका_नागपूर
पूजेचा कशाला घेता, सुताराकडून छोटा करून घ्या. आणि ताई, पट्टा लावला बरं का मधला, नात वीस मिनिटं रडली आणि मग त्याच पट्ट्याचं टोक चावत बसली.